पेशीने कुठे चिकटायचं, आणि कुठे नाही

शरीरातल्या बहुतेक पेशींना जगण्यासाठी धरायला काहीतरी लागतं. रक्तात फिरणाऱ्या पेशी सोडून द्या. पण त्वचा, हाड, स्नायू, रक्तवाहिनीचं अस्तर इथल्या पेशी आजूबाजूच्या तंतुमय जाळ्याला घट्ट धरून असतात. अशा पेशी सुट्या करून द्रवात नुसत्या तरंगत ठेवल्या, तर अन्न आणि ऑक्सिजन भरपूर असूनही त्यांतल्या पुष्कळशा मरतात. पकड सुटल्याचा संदेश आत पोहोचतो आणि पेशी स्वतःच स्वतःचा कारभार आवरते. १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी अस्तरपेशींमध्ये हा प्रकार दाखवला आणि या मरणाला ‘अनॉइकिस’ हे नाव दिलं. शरीराच्या दृष्टीने ही सोय चांगलीच आहे, कारण जागा सोडून भटकलेली पेशी भलतीकडे जाऊन रुजत नाही. कर्करोगाच्या पेशी पसरतात त्या ही अट धुडकावूनच.

ऊती अभियांत्रिकीत, म्हणजे पेशींपासून नवी ऊती घडवण्याच्या कामात, ही अट पहिल्या दिवसापासून आडवी येते. पेशी वाढायला आधार लागतो. त्याला या क्षेत्रात सगळे स्कॅफोल्डच म्हणतात. पण नुसता आधार देऊन भागत नाही. रक्तवाहिनीच्या नळीत आतून अस्तरपेशींचा एकच सलग थर हवा आणि त्याबाहेर स्नायूपेशींची वेटोळी हवीत. चेतातंतू एका दिशेने पुढे सरकायला हवा, वाटेत चहूकडे फुटायला नको. पेशी सगळीकडे सारख्याच चिकटल्या तर त्यातून फार तर पेशींचा एक गालिचा तयार होतो, अवयवाचा तुकडा नाही. म्हणून पेशीला बाहेरून तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठे चिकट, किती घट्ट चिकट आणि कुठे अजिबात चिकटू नकोस.

यातली तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते हायड्रोजेलवर पेशींच्या जागा आखण्याच्या सगळ्या तंत्राचा पायाही तीच आहे. पेशी चिकटवणं तुलनेने सोपं. न चिकटवणं कठीण.

आधी काहीच चिकटू द्यायचं नाही

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. लांबलचक साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात टाकल्यावर त्या विरघळत नाहीत, फक्त फुगतात. वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असलेली जेल या कामात सर्रास वापरली जातात. शरीरातली मऊ ऊतीही अशीच पाण्याने भरलेली असल्यामुळे दोघांचं जमतं: ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं जाळ्यातून आरपार जातात आणि पेशींना आत कोंडून वाढवता येतं. १९६० साली चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीराशी जुळवून घेणाऱ्या अशा जेलवर लेख प्रसिद्ध केला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा उगम त्या कामात आहे.

लेन्सकडून अपेक्षा अशी असते की तिच्यावर काही चिकटू नये. स्कॅफोल्डकडून अपेक्षा बरोबर उलटी. तरीही स्कॅफोल्डसाठी पुन्हा पुन्हा निवडली जाणारी जेल न चिकटणाऱ्यांपैकीच असतात, आणि त्यामागे कारण आहे.

पेशी वाढवायच्या साध्या प्लास्टिकच्या बशीत त्या छान चिकटतात. पण खरं तर त्या प्लास्टिकला चिकटलेल्याच नसतात. पेशींना दिल्या जाणाऱ्या पोषकद्रवात सहसा रक्तद्रवातली प्रथिनं असतात. द्रव ओतल्यावर काही क्षणांतच ती प्रथिनं प्लास्टिकवर जाऊन बसतात, त्यांचा एक पातळ लेप तयार होतो आणि मागाहून आलेली पेशी त्या लेपातल्या फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशा प्रथिनांना धरते. म्हणजे पेशीची गाठ पडते ती पृष्ठभागाने गोळा केलेल्या प्रथिनांशी. आता ही प्रथिनं कुठे बसतील, किती बसतील, कोणत्या बाजूने बसतील, हे आपल्या हातात नसतं. एक प्रथिन उठून त्याच्या जागी दुसरं येऊन बसतं, असंही चालतं. अशा पृष्ठभागावर नकाशा आखणं म्हणजे आखतानाच तो पुसला जाणं.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला सगळे ‘पेग’ म्हणतात, इथे कामाला येतं. त्याच्या साखळ्यांवर विद्युतभार नसतो. त्या पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात आणि सतत हलत असतात. एखाद्या प्रथिनाला तिथे बसायचं तर आधी ते पाणी हटवावं लागतं आणि हलत्या साखळ्यांना दाबावं लागतं. तो सौदा त्याला परवडत नाही, आणि ते पुढे निघून जातं. समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट आणि आगारोज यांचंही साधारण असंच: सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे त्यांना ओळखणारी पकड नसते. अशा जेलवर पेशी टाकल्या तर त्या गोल राहतात, पसरत नाहीत, हलक्या हाताने धुतलं तरी निघून जातात.

कोलॅजेन, फायब्रिन किंवा जिलेटिनपासून केलेली जेल याच्या अगदी विरुद्ध. ती मुळात शरीरातल्याच प्रथिनांपासून आलेली असल्यामुळे पेशी त्यांच्यावर लगेच रुळतात. पण सगळीकडेच रुळतात. काम भराभर उरकायचं असेल तर ती उत्तम. जागा ठरवून द्यायची असेल तर आधी कोरी पाटी हवी, आणि ती पेग किंवा अल्जिनेटच देतात.

तीन अमिनो आम्लांची खूण

कोऱ्या जेलवर आता हवी तिथेच पकड द्यायची. त्यासाठी अख्खं फायब्रोनेक्टिन बसवता येईल, पण दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लांची ती साखळी घडी विस्कटली की निकामी होते, महाग पडते, आणि बसताना तिची कामाची बाजू वर राहील याची खात्री नसते.

यातून वाट निघाली १९८४ मध्ये. मायकेल पिअर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी फायब्रोनेक्टिनचे लहान लहान तुकडे करून, कोणत्या तुकड्याला पेशी धरते ते तपासलं. तुकडे छोटे करत करत ते एका अगदी चिमुकल्या क्रमापाशी पोहोचले: आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल. अमिनो आम्लांच्या एकाक्षरी चिन्हांवरून या तिघांना ‘आरजीडी’ म्हणतात. एवढ्या मोठ्या प्रथिनाला पेशी जिथे धरते ती मूठ एवढीशी आहे, हे तेव्हा सहज पटण्यासारखं नव्हतं.

या तिघांमधलं शेवटचं अस्पार्टिक आम्ल काढून त्याच्या जागी ग्लुटामिक आम्ल घातलं तर पकड जवळजवळ संपते. दोघांमध्ये फरक किती? साखळीत कार्बनचा एक दुवा जास्त, बस. त्यामुळे हा बदललेला तुकडा प्रयोगात तुलनेसाठी हमखास वापरतात. पेशी आरजीडीच्या जेलवर पसरली आणि त्या बदललेल्या तुकड्याच्या जेलवर पसरली नाही, तरच ती खरोखर आपण दिलेल्या खुणेला धरून आहे असं म्हणता येतं. दोन्हींवर पसरली तर समजावं की जेल कोरी राहिलेली नाही. प्रथिनं कुठूनतरी येऊन बसली आहेत. या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध वाचताना ही तुलना केली आहे का, हे आधी बघावं. नसेल तर बाकीची सुंदर छायाचित्रं जरा हात राखूनच बघावीत.

पेशीच्या बाजूने ही खूण ओळखणारे रेणू म्हणजे इंटिग्रिन. पेशीच्या पटलातून आरपार गेलेले, दोन भागांचे हे रेणू बाहेर आरजीडी धरतात आणि आतल्या टोकाने मधल्या प्रथिनांच्या मार्फत पेशीच्या ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीला आतून ताण देणाऱ्या प्रथिनाच्या, दोऱ्यांना जोडले जातात. माणसात इंटिग्रिनचे २४ प्रकार आहेत आणि त्यांतले आठ आरजीडी ओळखतात. पेशी नुसती धरून बसत नाही, ती ओढूनही बघते. ओढल्यावर समोरून विरोध मिळाला तर जोड पक्का होतो, आणखी इंटिग्रिन तिथे गोळा होतात आणि आत वाढीचे, जगण्याचे संदेश जातात. विरोध मिळालाच नाही तर जोड सुटतो. म्हणून जेल किती मऊ आहे यालाही इतकं महत्त्व आहे. अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की अस्थिमज्जेतल्या त्याच मूलपेशी एक किलोपास्कलच्या (हे इथे ताठपणाचं माप) आतल्या अतिमऊ जेलवर चेतापेशींसारख्या, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूसारख्या आणि २५ ते ४० किलोपास्कलवर हाडाच्या पेशींसारख्या वळणाने जातात. चिकटण्याची खूण सगळीकडे सारखीच होती. फरक ओढल्यावर काय जाणवतं एवढाच.

आरजीडीने सगळं साधतं असं मात्र नाही. अख्ख्या फायब्रोनेक्टिनमध्ये या क्रमाच्या शेजारी पकड पक्की करणारा आणखी एक भाग असतो, तो या छोट्या तुकड्यात नसतो, त्यामुळे काही इंटिग्रिनची पकड ढिली राहते. आणि आठ प्रकारचे इंटिग्रिन ज्याला धरतात ती खूण निवडक कशी म्हणणार? आरजीडी लावलं की जवळजवळ कुठलीही पेशी येते. निवड हवी असेल तर दुसऱ्या खुणा वापरतात. १९९१ मध्ये जेफ्री हबेल आणि सहकाऱ्यांनी फायब्रोनेक्टिनमधलाच ‘आरईडीव्ही’ हा क्रम पृष्ठभागावर बसवला. त्यावर रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी चिकटल्या. स्नायूपेशी, तंतुपेशी आणि रक्तबिंबिका चिकटल्या नाहीत. कृत्रिम रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी नेमकी हीच निवड हवी असते. लॅमिनिन या प्रथिनातला ‘आयकेव्हीएव्ही’ हा क्रम चेतापेशींच्या कामात असाच वापरला जातो.

किती अंतरावर?

खूण कोणती हे ठरलं की पुढचा प्रश्न: दाट किती लावायची? इथे विषय फारच रंजक होतो, कारण पेशी ज्या अंतराला प्रतिसाद देते ते तिच्या आकाराच्या मानाने अविश्वसनीय लहान आहे.

स्टीफन मासिया आणि हबेल यांनी १९९१ मध्ये एरवी पेशी न धरणाऱ्या पृष्ठभागावर आरजीडी वेगवेगळ्या दाटीने बसवलं. दोन खुणांमधलं सरासरी अंतर ४४० नॅनोमीटर असलं तरी तंतुपेशी पसरल्या. पण आत ॲक्टिनच्या दोऱ्या ताणून, पक्के जोड बांधून बसायला त्यांना १४० नॅनोमीटरचं अंतर लागलं. म्हणजे ‘चिकटली’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या अवस्था आहेत.

२००४ मध्ये योआखिम श्पात्झ यांच्या गटाने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण ठरावीक अंतरावर नियमित मांडले, प्रत्येक कणावर आरजीडी लावलं आणि मधली जागा पेगने भरली. कण इतका लहान की त्यावर एकाच इंटिग्रिनला जागा मिळावी. कण ५८ नॅनोमीटरवर असले तर पेशी नीट पसरल्या, पक्के जोड बांधले. ७३ नॅनोमीटरवर गेले की पकड कोसळली. मधल्या पंधरा नॅनोमीटरमध्ये पेशीचं वागणं पालटलं. पेशी स्वतः मात्र १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे त्या फरकाच्या हजारपट.

मग १४० खरं की ७० च्या आसपासचा आकडा खरा? दोन्ही. पहिल्या प्रयोगात खुणा अस्ताव्यस्त पसरलेल्या होत्या आणि १४० ही सरासरी होती. अस्ताव्यस्त मांडणीत काही खुणा योगायोगाने जवळजवळ येतातच, आणि पेशीला तेवढं पुरतं. दुसऱ्या प्रयोगात जवळ येण्याची मुभाच नव्हती. कडा चढणाऱ्याचा विचार करा: खडकावर एकूण खाचा किती आहेत याला अर्थ नाही, पुढची खाच हाताच्या टप्प्यात आहे की नाही याला आहे. शंभर खाचा असून त्या सगळ्या हाताच्या टप्प्याबाहेर असतील तर चढणारा जागीच अडकतो, आणि मोजक्याच असून जोडीजोडीने असतील तर तो वर जातो.

याचा जेल बनवणाऱ्याला सरळ उपयोग आहे. तेवढंच पेप्टाइड, म्हणजे आरजीडीसारखा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, एकसारखं पसरण्याऐवजी झुपक्यांनी लावलं तर कमी मालात जास्त पकड मिळते. अनेक फांद्यांच्या पेगच्या रेणूंवर आरजीडीचे झुपके बांधून हे दाखवलंही गेलं आहे: एकूण दाटी तेवढीच ठेवली तरी झुपक्यांवर पेशी चांगल्या सरकतात.

‘सरकतात’ हा मुद्दा सहज राहून जातो. जास्त पकड म्हणजे जास्त चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण १९९७ मध्ये डग्लस लॉफेनबर्गर यांच्या गटाने मोजून दाखवलं की पेशीचा वेग मध्यम चिकटपणावर सर्वाधिक असतो. पकड फार ढिली तर पुढे ओढायला आधार नाही. फार घट्ट तर मागचं टोक सुटत नाही. पेशी स्कॅफोल्डच्या आत शिराव्यात असं वाटत असेल तर चिकटपणा मुद्दाम कमी ठेवावा लागतो.

जागेचा आकार पेशीचं भविष्य ठरवतो

आता नॅनोमीटरमधून वर, मायक्रोमीटरमध्ये येऊ. चिकटण्याजोगी बेटं आणि मधे न चिकटणारी जागा, असं आखलं तर बेटाचा आकार किती ठेवायचा याने काय फरक पडतो?

१९९७ मध्ये क्रिस्टोफर चेन, जॉर्ज व्हाइटसाइड्स, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी लहान-मोठ्या बेटांवर बसवल्या. मोठ्या बेटावर पेशी पसरली आणि वाढली. लहान बेटावर ती चिकटली खरी, पण पसरायला जागा नसल्याने मेली. यावर शंका येते: लहान बेटावर धरायला खुणाच कमी होत्या, म्हणून मेली असेल. ही शंका त्यांनी फार सुंदर रीतीने निकाली काढली. एका मोठ्या बेटाऐवजी त्यांनी काही मायक्रोमीटरचे पुष्कळ छोटे ठिपके विखरून ठेवले. पेशी ठिपक्या-ठिपक्यांवर पाय ठेवत मोठ्या जागेवर पसरली, पण प्रत्यक्ष स्पर्शाचं क्षेत्र मात्र लहान बेटाइतकंच राहिलं. अशा पेशी जगल्या. निर्णय स्पर्शाच्या क्षेत्रावर नव्हे, पसरण्यावर अवलंबून होता.

२००४ मध्ये चेन यांच्या गटाने हाच धागा मूलपेशींपर्यंत नेला. एकाच मिश्र पोषकद्रवात, १,०२४ चौरस मायक्रोमीटरच्या बेटावर गोल राहिलेल्या पेशी चरबीपेशींच्या वाटेला लागल्या, तर १०,००० चौरस मायक्रोमीटरच्या बेटावर सपाट पसरलेल्या पेशी हाडाच्या. हे प्रयोग हायड्रोजेलवर केलेले नव्हते, पण हायड्रोजेल आखणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते असतात. जागा आखून देणं म्हणजे पेशीला नुसतं बसवणं नाही, तिने पुढे काय व्हायचं यातही हात घालणं आहे.

याच कारणाने काही ठिकाणी चिकटू न देणं हेच उद्दिष्ट असतं. कूर्चेच्या पेशी सपाट बशीत पसरल्या की त्यांची ओळख हळूहळू पुसट होते. कूर्चेचं खास कोलॅजेन सोडून त्या दुसऱ्याच प्रकारचं कोलॅजेन बनवू लागतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शाफर यांनी अशा बिघडलेल्या पेशी आगारोजमध्ये, धरायला काही नसलेल्या जागी ठेवल्या. त्या गोल झाल्या आणि कूर्चेचा माल पुन्हा बनवू लागल्या. कूर्चेच्या जेलमध्ये डोळे झाकून आरजीडी घालणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

आखायचं कसं?

सपाट, कोरड्या पृष्ठभागावर आखायला सिलिकॉन रबराचे शिक्के असतात: शिक्क्यावर प्रथिन लावायचं आणि दाबायचं. ओल्या, फुगलेल्या जेलवर शिक्का नीट उठत नाही, घसरतो, पसरतो. शिवाय शिक्का फक्त वरच्या तळावर आखतो, आणि ऊती तर तिन्ही दिशांना असते. म्हणून हायड्रोजेलच्या कामात मुख्य हत्यार प्रकाश आहे.

साधा प्रकार असा: पेप्टाइडच्या टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल जोडायचं, म्हणजे त्याला गंधकाचं एक क्रियाशील टोक मिळतं. जेलच्या साखळ्यांवर त्याला जोडून घेणारे मोकळे दुहेरी बंध ठेवायचे. पेप्टाइड जेलमध्ये मुरू द्यायचं, प्रकाशाने जागं होणारं एक रसायन सोबत घालायचं आणि वरून नक्षीची पट्टी ठेवून अतिनील किंवा निळसर प्रकाश टाकायचा. प्रकाश पडेल तिथे बंध जुळतो. उरलेलं पेप्टाइड धुऊन टाकायचं. धुणं कंटाळवाणं वाटतं, पण निम्मे घोटाळे तिथेच होतात. नीट न धुतलेलं पेप्टाइड द्रवात तरंगत राहिलं तर पेशी त्यालाच धरतात आणि त्यांची पकड जेलवर बसण्याआधीच भरून जाते.

पट्टीतून गेलेला प्रकाश जेलमध्ये सरळ खाली उतरतो, त्यामुळे नक्षी खांबासारखी आरपार होते. मधल्याच एखाद्या खोलीवर ठिपका हवा असेल तर दोन फोटॉनची युक्ती वापरतात. एरवी एक फोटॉन जे काम करतो ते इथे निम्म्या ऊर्जेच्या दोन फोटॉननी एकाच वेळी शोषलं जाऊन व्हावं लागतं, आणि तशी गर्दी लेझरच्या केंद्रबिंदूपाशीच होते. वर-खाली काहीच घडत नाही. केंद्र फिरवत नेलं की जेलच्या पोटात हवी तशी रेघ काढता येते. जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००६ मध्ये पेगच्या जेलमध्ये हे करून दाखवलं. त्याआधी २००४ मध्ये यिंग लुओ आणि मॉली शॉइकेट यांनी आगारोजच्या आत लेझरने आरजीडीच्या वाहिन्या आखल्या होत्या. मज्जारज्जूलगतच्या चेतागुच्छांतल्या पेशी फक्त त्या वाहिन्यांमधूनच आत सरकल्या. आजूबाजूची जेल तीच, तेवढीच मऊ, पण तिथे एकही पेशी गेली नाही. दोन फोटॉनच्या पद्धतीची अडचण वेगाची आहे: बिंदू-बिंदू जोडत मोठा तुकडा भरायचा म्हणजे दिवस जातो.

प्रकाशाने खूण बसवता येते तशी काढताही येते. पेप्टाइड आणि जेल यांच्यामध्ये प्रकाशाने तुटणारा दुवा ठेवला की झालं. क्रिस्टी अ‍ॅन्सेथ यांच्या गटाने २००९ मध्ये मूलपेशी अशा जेलमध्ये ठेवल्या. सुरुवातीला आरजीडी दिलं, कारण ते नसेल तर पेशी तग धरत नाहीत. पुढे प्रकाश टाकून ते काढून घेतलं, कारण कूर्चा बनण्याच्या पुढच्या टप्प्यात ते आड येतं. काढल्यावर पेशी कूर्चेकडे जास्त झुकल्या. २०११ मध्ये याच गटाने एका प्रकाशाने खूण जोडायची आणि दुसऱ्या तरंगलांबीच्या प्रकाशाने तोडायची, अशी दुहेरी सोय एकाच जेलमध्ये केली. ‘कुठे’ या प्रश्नाला इथे ‘केव्हा’ जोडला गेला, आणि माझ्या मते या क्षेत्रातली मोठी झेप तीच.

मोजमापाबद्दल एक गोष्ट. चमकणारा रंग लावलेलं पेप्टाइड सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतं, पण दिसतं म्हणजे पेशीच्या हाताला लागतं असं नाही. जेलच्या जाडीत मिसळलेलं बहुतेक पेप्टाइड आत गाडलेलं असतं. वर बसलेल्या पेशीला फक्त अगदी वरचा, काही नॅनोमीटरचा थर पोहोचण्याजोगा असतो. शिवाय जेल फुगली की आखलेली नक्षीही फुगते आणि खुणांमधली अंतरं वाढतात.

जेलच्या आत आणि शरीरात

पेशी जेलच्या वर नसून आत असेल तर आणखी एक अडथळा येतो. जाळ्याची छिद्रं बहुधा काही दहा नॅनोमीटरच्या घरातली, पेशी त्यांच्या शेकडोपट मोठी. आरजीडी चहूकडे असूनही ती पसरू शकत नाही, कारण भोवती कोंडमारा आहे. शरीरात पेशी विकरं सोडून वाट कापते. म्हणून माथियास लुटोल्फ, हबेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेगच्या साखळ्या अशा पेप्टाइडांनी जोडल्या, जी पेशीच्या त्याच विकरांनी तुटतात. पेशी पुढे धरते, मधलं कापते, सरकते. खूण आणि कापता येणारा जोड, दोन्ही मिळाल्याशिवाय आत हालचाल होत नाही.

आणि मग पेशी आपली योजना मोडायला लागते. ती स्वस्थ बसत नाही. स्वतःचं फायब्रोनेक्टिन, स्वतःचं कोलॅजेन बाहेर टाकते आणि पुढे त्यालाच धरते. क्लाउडिया लोबेल, रॉबर्ट मॉक आणि जेसन बर्डिक यांनी २०१९ मध्ये दाखवलं की जेलमध्ये कोंडलेल्या पेशी स्वतःभोवती असा थर लवकरच तयार करतात, आणि पुढचं त्यांचं वागणं त्या थराशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर बरंच अवलंबून असतं. आपली आखणी म्हणजे सुरुवातीच्या काळापुरतं मार्गदर्शन. त्या काळात पेशी योग्य जागी, योग्य दिशेने बसली तर पुढची रचना ती स्वतः टिकवते. चुकीच्या जागी बसली तर नकाशा कितीही बारीक असला तरी फायदा नाही.

शरीरात रोपण केल्यावर तर पहिल्या मिनिटापासून रक्तातली आणि ऊतिद्रवातली प्रथिनं जेलवर येऊन आदळतात. सोबत प्रतिकारशक्तीच्या पेशी येतात, आणि आरजीडी त्यांनाही चालतं. आंद्रेस गार्सिया आणि आरांझाझू देल काम्पो यांच्या गटांनी २०१५ मध्ये यावर मजेदार तोडगा काढला. आरजीडीवर प्रकाशाने निघणारं रासायनिक झाकण बसवलं, जेल उंदराच्या कातडीखाली ठेवली आणि बाहेरून, कातडीतूनच प्रकाश टाकून झाकण काढलं. रोपणाच्या वेळचा दाह जरा ओसरू देऊन नंतर झाकण काढलं, तेव्हा जेलभोवतीचं तंतुमय कवच पहिल्या दिवसापासून उघड्या असलेल्या खुणेच्या जेलपेक्षा पातळ राहिलं. उंदराची कातडी पातळ असते. माणसाच्या खोल अवयवापर्यंत असा प्रकाश पोहोचवणं हे वेगळंच काम आहे.

रुग्णांपर्यंत पोहोचलेलं उदाहरण यापेक्षा साधं आहे. जपानमधल्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने बशीच्या तळाला एका पॉलिमरचा अतिशय पातळ थर जोडला. ३२ अंश सेल्सिअसच्या वर हा थर पाणी सोडून आकसतो, आणि शरीराच्या तापमानाला पेशी त्यावर चिकटून वाढतात. तापमान उतरवलं की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा, खालच्या स्वतःच्या जाळ्यासकट, अलगद सुटतो. विकर घालून पेशी खरवडाव्या लागत नाहीत. याच पद्धतीने रुग्णाच्या तोंडाच्या आतल्या अस्तरातून वाढवलेले पापुद्रे चार रुग्णांच्या डोळ्याच्या खराब झालेल्या पारपटलावर बसवल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे नॅनोमीटरची नक्षी नव्हती, दोन फोटॉनचं लेझरही नव्हतं. होता तो चिकटपणा आणि तो बंद करण्याचं एक बटण, तेही तापमानाचं. सूक्ष्म आखणीची जेल आज मुख्यतः प्रयोगशाळेत पेशींना प्रश्न विचारण्यासाठी वापरली जातात. त्यांतली कोणती पुढे शस्त्रक्रियागृहात जाईल याचा अंदाज बांधायचा झाला, तर जिच्यात आखणी सर्वांत कमी आणि कोरेपणा सर्वांत टिकाऊ, तिच्यावर मी पैज लावेन.